झोन मोठा आला, आता पुढे काय?

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलानं विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा: राधानगरीकडच्या जंगलाच्या कडेच्या मातीतून त्यानं एक अ‍ॅक्टिनोमायसीट (मातीतला धाग्यांसारखा वाढणारा जिवाणू) वेगळा केला, ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव खाद्यात, वाढवला आणि इथिल अ‍ॅसिटेटनं अर्क काढला. अर्क नारिंगी रंगाचा आहे. तो डीएमएसओ या द्रावकामध्ये ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर विरघळवून त्यातला १०० मायक्रोलिटर त्यानं अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) पाडलेल्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, घातला. एका हॉस्पिटलमधून मिळालेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसवर २२ मिलिमीटरचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, आला. त्याच प्लेटवर ५ मायक्रोग्रॅमच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) या नेहमीच्या अँटिबायोटिकच्या डिस्कचा झोन आला २० मिलिमीटर. ई. कोलायवर अर्काचा काहीच परिणाम नाही. "मॅडम, सिप्रोपेक्षा चांगलं निघालं, तर याला नवं अँटिबायोटिक म्हणता येईल का? आणि पुढे कोणत्या टेस्ट करू?"

आधी एक सांगते. विकतचं कंपाउंड आणून टेस्ट करण्यापेक्षा तू मातीत हात घातलास, स्ट्रेन स्वतः वेगळा केलास, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सिप्रोपेक्षा चांगलं असं थीसिसमध्ये लिहू नकोस. त्या प्लेटवरून एवढंच कळतं की अर्कात असं काहीतरी आहे ज्यानं त्या स्टॅफची वाढ रोखली. ते काय आहे, किती आहे आणि किती लागतं, यातलं काहीही अजून कळलेलं नाही.

हिशेब मांडून बघ. ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे १०० मायक्रोलिटर म्हणजे ५ मिलिग्रॅम, म्हणजेच ५००० मायक्रोग्रॅम. शेजारच्या डिस्कमध्ये सिप्रो होतं ५ मायक्रोग्रॅम. हजारपट माल घालून तुला २ मिलिमीटर जास्त मिळाले. वजनगट न बघता लावलेली ही कुस्ती आहे, तिच्यावरून कोण भारी ते ठरत नाही. अर्थात तुझ्या ५००० मध्ये खरं काम करणारा रेणू कदाचित ५च मायक्रोग्रॅम असेल आणि बाकीचा सगळा ब्रॉथमधला गाळ असेल. तसं असेल तर चीज फार जोरदार आहे. पण हे झोन बघून कळणार नाही, अर्क शुद्ध केल्यावरच कळेल.

आता त्या २० मिलिमीटरकडे बघ. लॅब-टेस्टचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेच्या तक्त्याप्रमाणे स्टॅफ ऑरियसला सिप्रोचा झोन २१ किंवा जास्त असेल तर स्ट्रेन ससेप्टिबल, म्हणजे औषधाला दाद देणारा, १६ ते २० असेल तर इंटरमीजिएट. म्हणजे तुझा हॉस्पिटलचा स्ट्रेन सिप्रोला आधीच अर्धवट दाद देईनासा झालाय, आणि अशा स्ट्रेनवर तू सिप्रोशी तुलना केलीस. डिस्क-टेस्टसाठी स्टॅफचा जो ठरलेला स्ट्रेन आहे, एटीसीसी (जंतूंचा प्रमाणित संग्रह) २५९२३, त्याला सिप्रोचा झोन २२ ते ३० मध्ये यायला हवा. तो स्ट्रेन त्या दिवशी लावला होतास का? नसेल, तर २० आकडा स्ट्रेनमुळे आला, डिस्क खराब होती की अगार जाड झाला होता, हे सांगायला काहीच आधार नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की फ्रीजमधून डिस्कची बाटली काढून लगेच उघडली तर आत दव धरतं. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातल्या) डिस्क त्यानं लवकर मरतात. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच झाकण काढायचं. माझ्या लॅबमध्ये पावसाळ्यात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी हेच शिकवते.

शिवाय दोन वेल तू सोडल्यास. एका वेलमध्ये नुसतं १०० मायक्रोलिटर डीएमएसओ हवं, कारण तेवढं डीएमएसओ स्वतःही वाढ दाबू शकतं. दुसऱ्या वेलमध्ये स्ट्रेन न घालता तसाच ठेवलेला ब्रॉथ, त्याच पद्धतीनं इथिल अ‍ॅसिटेटनं काढलेला. अर्काचा पीएचही बघून घे. नुसत्या आम्लपणानं आलेले झोन "अँटिमायक्रोबियल अ‍ॅक्टिव्हिटी" म्हणून छापलेले मी पाहिलेत.

झोनवर एवढा विश्वास का ठेवायचा नाही, ते नीट समजून घे. डिस्क डिफ्यूजनची जी पद्धत आपण रोज वापरतो ती १९६६ साली बाउर, किर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्की केली. तिचं सगळं बळ ठरवून दिलेल्या गोष्टींत आहे: म्युलर-हिंटन अगार, जाडी ४ मिलिमीटर, पीएच ७.२ ते ७.४, डिस्कमधलं औषध ठरलेलं, जंतूंचं प्रमाण ठरलेलं. एकेका औषधासाठी शेकडो स्ट्रेनचे झोन आणि एमआयसी (वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) शेजारी शेजारी मांडल्यावर "एवढे मिलिमीटर म्हणजे ससेप्टिबल" हे ठरलं. तुझ्या अर्कासाठी असा तक्ताच नाही. त्यामुळे त्याचे २२ मिलिमीटर आणि सिप्रोचे २० हे एकमेकांशेजारी ठेवायचे आकडेच नव्हेत.

झोनचा आकार औषधाच्या जोराइतकाच त्याच्या पळण्यावरही ठरतो. लहान, पाण्यात विरघळणारा रेणू अगारमधून भराभर पसरतो. मोठा, विद्युतभार असलेला किंवा तेलकट रेणू वेलच्या काठाशीच अडकतो. कोलिस्टिन बघ. आयसीयूत बाकी सगळं फसल्यावर जे राखीव औषध काढतात, ते हे. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ त्याला पूर्ण दाद देतो, एमआयसी ०.२५ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. तरी १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती त्याचा झोन जेमतेम ११ ते १७ मिलिमीटर येतो. तुझ्या पद्धतीनं मोजलं असतं तर कोलिस्टिन पहिल्याच फेरीत बाद झालं असतं. अगारमध्ये ते इतकं कमी सरकतं की दाद देणारा आणि न देणारा स्ट्रेन झोनवरून वेगळा करता येत नाही, म्हणून कोलिस्टिनची साधी डिस्क-टेस्ट आता कुणी करू नये असं ठरलंय.

ई. कोलायवर झोन नाही, याचा अर्थ चीज कमकुवत आहे असा काढू नकोस. ग्राम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरचं एक जास्तीचं आवरण असतं आणि आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप असतात. व्हँकोमायसिनसारखं मोठं औषधही तिथं आत जात नाही. पुढे कधी टोल-सी (त्या पंपांचा एक भाग बनवणारा) जीन काढलेला ई. कोलाय मिळाला तर त्याच्यावर लावून बघ. त्याच्यावर काम केलं तर अडचण पंपाची आहे हे कळेल.

आता रंगाबद्दल, आणि हे वाचून झाल्याशिवाय त्या अर्काला हात लावू नकोस. मातीतला अ‍ॅक्टिनोमायसीट, नारिंगी अर्क, इथिल अ‍ॅसिटेटमध्ये उतरणारा, ग्राम-पॉझिटिव्हवर चालणारा आणि ई. कोलायवर न चालणारा, हे सगळं एकत्र आलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं अ‍ॅक्टिनोमायसिन. वॅक्समन आणि वुडरफ यांनी ते १९४० साली वेगळं केलं. जंतूंवर जोरदार, पण माणसाच्या पेशींवरही तितकंच जोरदार. म्हणून जंतुसंसर्गावर ते कधी चाललं नाही. आज डॅक्टिनोमायसिन या नावानं ते काही कॅन्सरवर देतात. ग्लोव्हज घाल, कोरडी पूड उडू देऊ नकोस, उरलेला अर्क बेसिनमध्ये ओतू नकोस. हे तेच आहे असं मी म्हणत नाही. नारिंगी रंगाची इतरही रंगद्रव्यं हे जंतू बनवतात. पण आधी ही शंका फेडून घ्यायची. कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर स्कॅन घे. ४४० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा दिसला तर संशय वाढला. मग एलसी-एमएसला (रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) नमुना पाठव आणि १२५५ च्या आसपास वस्तुमान येतंय का बघ. आधी सापडलेलंच पुन्हा सापडलं नाही ना, हे सुरुवातीलाच तपासायला डीरेप्लिकेशन म्हणतात. त्याआधी एमआयसीवर महिने घालवणं म्हणजे माहीत असलेल्या औषधाचा एमआयसी पुन्हा काढणं.

ही चाळणी पार झाली की मग एमआयसी, आणि ती ब्रॉथ मायक्रोडायल्यूशननं. ९६ वेलची प्लेट, गोल बुडाची घे म्हणजे वाचायला सोपं जातं. ब्रॉथ म्हणजे कॅशन-अ‍ॅडजस्टेड म्युलर-हिंटन, न्यूट्रिएंट ब्रॉथ चालणार नाही. त्यात कॅल्शियम लिटरला २० ते २५ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १० ते १२.५ मिलिग्रॅम असावं लागतं. हे कमी-जास्त झालं की स्यूडोमोनासवर जेंटामायसिनची एमआयसी खालीवर होते, आणि तुझ्या अज्ञात रेणूचं काय होईल ते तर कुणालाच माहीत नाही.

अर्काचा किंवा शुद्ध केलेल्या अंशाचा स्टॉक डीएमएसओमध्ये १२.८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर कर. त्यातून ब्रॉथमध्ये २५६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, तिथं डीएमएसओ २ टक्के. पुढे प्रत्येक कॉलममध्ये निम्मं निम्मं करत जा, पण पातळ करायच्या ब्रॉथमध्येही २ टक्के डीएमएसओ ठेव, म्हणजे सगळ्या वेलमध्ये ते सारखं राहील. प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर. त्यात ५० मायक्रोलिटर जंतू पडले की औषध पहिल्या कॉलमला १२८ आणि दहाव्याला ०.२५ होतं, आणि डीएमएसओ सगळीकडे १ टक्का. अकरावा कॉलम तेवढंच डीएमएसओ आणि जंतू, औषध नाही. बारावा नुसता ब्रॉथ.

बहुतेक थीसिस घसरतात ते जंतूंच्या प्रमाणावर. ०.५ मॅकफारलंडच्या (गढूळपणाची ठरलेली मोजपट्टी) गढूळपणाला मिलिलिटरला १० ते २० कोटी जंतू असतात. ते शंभरपट पातळ केले की सुमारे १० लाख, आणि वेलमध्ये निम्मे झाले की ५ लाख. हाच आकडा हवा. सस्पेन्शन करून टेबलावर ठेवून चहाला गेलास तर ते वाढत राहतात. १५ मिनिटांत पातळ करून प्लेटमध्ये टाकून मोकळं व्हायचं. प्रमाण बरोबर होतं का, ते तपासायला अकराव्या कॉलममधून लगेच १० मायक्रोलिटर काढ, १० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळ आणि त्यातला १०० मायक्रोलिटर अगारवर पसर. दुसऱ्या दिवशी साधारण ५० कॉलनी दिसल्या तर तुझे ५ लाख खरे होते. ५०० दिसल्या तर त्या दिवसाची सगळी प्लेट बाद, एमआयसी कितीही छान आली तरी.

३५ अंशांवर १६ ते २० तास. व्हँकोमायसिन शेजारी लावलंस तर स्टॅफसाठी पूर्ण २४ तास. इनक्युबेटरमध्ये प्लेटांची चळत चारपेक्षा उंच नको, मधल्या प्लेटा उशिरा तापतात. रात्री लाइट गेली होती का, याची नोंद ठेव. इनक्युबेटरला इन्व्हर्टर नसेल तर आत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर तरी ठेव.

वाचताना प्लेट काळ्या कागदावर धरून खालून बघ. वाढ म्हणजे बुडाला पांढरं बटण किंवा गढूळपणा. बटण जिथं पूर्ण नाहीसं होतं तो पहिला वेल म्हणजे एमआयसी. मध्येच एक वेल स्वच्छ आणि पुढच्या जास्त डोसच्या वेलमध्ये पुन्हा वाढ, असं एखाद्या वेळी होतं. एकच वेल असा सुटला तर वरचा आकडा धर, दोन-तीन सुटले तर टेस्ट पुन्हा कर. तुझ्या बाबतीत वरच्या वेलमध्ये नारिंगी रंगामुळे गढूळपणा दिसणार नाही. तिथं रेझाझुरिन घालून बघता येईल, जिवंत जंतू ते निळ्याचं गुलाबी करतात. पण अर्क स्वतःच रेझाझुरिनचा रंग बदलत नाही ना, ते जंतू नसलेल्या वेलमध्ये आधी तपास. मला विचारशील तर सरळ त्या वेलमधून ठिपका काढून अगारवर लाव, रंगाची भानगडच नको.

त्याच दिवशी, त्याच ब्रॉथमध्ये, शेजारच्या रांगेत एटीसीसी २९२१३ स्टॅफ आणि व्हँकोमायसिन लाव. एमआयसी ०.५ ते २ मध्ये यायलाच हवी. जेंटामायसिन लावलंस तर ०.१२ ते १. उत्तर आधीच माहीत असलेला हा एक स्ट्रेन आणि एक औषध तुझ्या अज्ञात अर्काला किंमत देतात. अर्काच्या रांगेत कितीही सुंदर आकडे आले, पण व्हँकोमायसिनची रांग हद्दीबाहेर गेली, तर त्या दिवसाचा एकही आकडा वहीतून थीसिसमध्ये जाता कामा नये. मी परीक्षक म्हणून जाते तेव्हा पहिलं हेच पान मागते.

एमआयसी एका पायरीनं हलणं हा टेस्टचा स्वभाव आहे. आज २ आणि उद्या ४ आलं तर ते एकच उत्तर. "अमुक मिसळल्यावर एमआयसी ४ वरून २ झाली, म्हणजे सिनर्जी (दोघांनी मिळून जास्त काम करणं)" हे वाक्य मी अनेकदा खोडलंय. सिनर्जी म्हणायला चेकरबोर्डमध्ये (दोन औषधं वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून लावलेली प्लेट) एफआयसी इंडेक्स, म्हणजे जोडीतल्या आणि एकट्या औषधाच्या एमआयसींच्या गुणोत्तरांची बेरीज, ०.५ किंवा त्याखाली यावा लागतो. आणि कच्च्या अर्काची एमआयसी मिलिग्रॅममध्ये येत असेल तर हुरळून जाऊ नकोस. शुद्ध रेणू दहा-एक मायक्रोग्रॅमच्या आत काम करत असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे.

मग स्ट्रेन वाढवायचे. एटीसीसीचे स्ट्रेन मोजपट्टीला चांगले, पण खऱ्या पेशंटचे जंतू वेगळे असतात. एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ) घे, सेफॉक्सिटिन डिस्कनं खात्री करून, एंटेरोकोकस घे. एकाच वॉर्डातले, एकाच आठवड्यातले दहा एमआरएसए घेऊ नकोस, ती बहुधा एकाच स्ट्रेनची पिलावळ असते आणि दहा वेळा एकच उत्तर मिळतं. वेगवेगळ्या महिन्यांतले, रक्त, पू, थुंकी असे वेगवेगळ्या नमुन्यांतले निवड. सहा-आठ स्ट्रेनवर एमआयसी ९० (९० टक्के स्ट्रेन थांबवणारं प्रमाण) काढू नकोस, तेव्हा नुसती यादी दे. हे सगळं बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) लॅबमध्ये, आणि प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर.

ग्राम-निगेटिव्हवर काम करणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट इथं सांगते, कारण ती आपल्या भागात विशेष लागू आहे. परदेशी शोधनिबंधातलं पॅनल बघून स्ट्रेन निवडले तर आपल्या वॉर्डातलं दुखणं त्यात नसतं. आपल्याकडे कार्बापेनेम गटाच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्लेब्सिएला आणि ई. कोलायमध्ये एनडीएम आणि ओक्सा-४८ सारखी औषध तोडणारी एन्झाइम सर्रास असतात. अ‍ॅविबॅक्टॅम ओक्सा-४८ ला अडवतं, पण एनडीएमला नाही. म्हणून डॉक्टर सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टॅमसोबत अ‍ॅझ्ट्रिओनाम देतात, कारण अ‍ॅझ्ट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही. त्यातही भारतातल्या बऱ्याच ई. कोलायच्या पीबीपी-३ मध्ये (अ‍ॅझ्ट्रिओनाम ज्याला धरतं ते प्रथिन) चार अमिनो आम्लांची भर पडलेली आढळते आणि तिच्यामुळे या जोडीचीही एमआयसी वर सरकते. असे स्ट्रेन पॅनलमध्ये नसतील तर नवं औषध कागदावर उत्तम दिसेल आणि इथल्या आयसीयूत फसेल.

एमआयसीनंतरच्या टेस्ट लवकर सांगते, त्या सगळ्या तुझ्या दोन वर्षांत बसणारही नाहीत. मारतं की नुसतं थोपवतं, यासाठी एमबीसी: सुरुवातीच्या जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले पाहिजेत. त्याहून चांगली टाइम-किल. ०, २, ४, ८ आणि २४ तासांना मोजणी, आणि २४ वी सोडू नकोस, कारण आठ तासांनी मेलेले दिसणारे जंतू कधी कधी रात्रीत पुन्हा उभे राहतात. रेझिस्टन्स किती सहज येतो, हे बघायला चारपट एमआयसीच्या अगारवर शंभर कोटी किंवा जास्त जंतू पसरून किती कॉलनी येतात ते मोज. तुलनेला रिफॅम्पिसिन लाव, त्यात साधारण दहा कोटींत एक सुटतो. रक्तपेशी फुटतात का, हे हिमोलिसिस टेस्टनं दिवसभरात कळतं, ती मात्र लवकर कर. साबणासारखं आवरण फोडणारी चीज जंतूही मारते आणि रक्तपेशीही.

आणि ब्रॉथमध्ये माणसाचं सीरम घालून एमआयसी पुन्हा बघ. डॅप्टोमायसिनची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. ब्रॉथमध्ये कॅल्शियम लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवलं नाही तर त्याची एमआयसी उगाच जास्त येते, म्हणजे टेस्टच औषधाला पाडते. पण ब्रॉथ नीट ठेवल्यावर न्यूमोकोकसवर आकडे अप्रतिम आले, आणि न्यूमोनियाच्या ट्रायलमध्ये औषध कमी पडलं. कारण फुप्फुसाच्या आतला स्निग्ध थर, म्हणजे सर्फॅक्टंट, त्या रेणूला पकडून ठेवतो. ब्रॉथमध्ये सर्फॅक्टंट नव्हता, म्हणून लॅबमध्ये ते दिसलंच नाही. रक्तातल्या आणि त्वचेच्या संसर्गावर तेच औषध आजही उत्तम चालतं. एमआयसी चुकीची नव्हती. ती ब्रॉथबद्दल खरं बोलत होती.

किती लांबचा रस्ता आहे तेही माहीत असू दे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेलं नाफिथ्रोमायसिन हे न्यूमोनियावरचं औषध आपल्याच देशात वोखार्टनं विकसित केलं, त्याला सुमारे १४ वर्षं लागली. आणि आपल्या मातीतून काही निघतच नाही असंही नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिसपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं होतं. तू जे करतोयस त्याची सुरुवात तीच आहे.

म्हणून या आठवड्यात एवढंच कर: डीएमएसओ आणि नुसत्या ब्रॉथच्या अर्काचा वेल लावून झोन पुन्हा घे, तोही अर्क दहापट आणि शंभरपट पातळ करून. अर्काचा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर स्कॅन काढ. मूळ स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांत दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, कारण हे जंतू पुन्हा पुन्हा उपजवले की अँटिबायोटिक बनवणं सोडून देतात आणि मग राधानगरीला परत गेलास तरी तोच स्ट्रेन हाती लागत नाही. ४४० ला उंचवटा नसेल आणि शंभरपट पातळ अर्कालाही झोन येत असेल, तर मला कळव. एटीसीसी २९२१३ आणि व्हँकोमायसिनची पावडर माझ्याकडून घेऊन जा.